खंदक कुणाला दिसतो?

शंकेखोर : इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमधल्या स्टोच्या बागेबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकाच सुरात बोलतात. दोरी लावून आखलेल्या वाटा, कात्रीने कातरलेली झुडपं, आरशासारखे चौकोनी हौद हे सगळं फ्रेंच वळण इंग्रजांनी टाकून दिलं, हिरवळ, पाणी आणि झाडी यांना मोकळं सोडलं आणि या बदलाची सुरुवात स्टोला झाली, असा तो सूर. मला हे पटत नाही. जिथे देवळं, स्तंभ, कमानी, पूल आणि स्मारकं मिळून चाळीसच्या वर बांधकामं आहेत, जिथली दरी खणून केलेली आहे आणि तळी बांध घालून अडवलेली आहेत, त्या बागेला निसर्गाची कैवारी कशाच्या जोरावर म्हणायचं? अडीचशे एकरांची ही बाग म्हणजे एका उमराव घराण्याच्या महत्त्वाकांक्षेचा आणि भांडणांचा हिशेब आहे. ती उभी करणारा रिचर्ड टेंपल, म्हणजे पुढचा लॉर्ड कॉबम, मार्लबरोच्या हाताखाली लढलेला सेनानी. 1715 मध्ये त्याने साउथवर्कच्या एका धनाढ्य बिअर कारखानदाराच्या मुलीशी, ॲन हॅल्सीशी लग्न केलं आणि बागेच्या खर्चाची सोय झाली. नंतर पंतप्रधान वॉलपोलशी त्याचं बिनसलं, तेव्हा बाग हेच त्याने भांडणाचं हत्यार केलं. पैसा, सूड आणि दिमाख यांतून झालेल्या गोष्टीला आपण निसर्गप्रेम म्हणतो, तेव्हा मालकाने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं प्रशस्तिपत्रकच वाचत असतो.

रसिक : या बागेवर असा वाद घालणारे तुम्ही पहिले नव्हेत. विल्यम गिल्पिनने 1748 मध्ये स्टोवर जे पुस्तक निनावी छापलं, ते दोन मित्रांच्या संवादाच्या रूपातच होतं. एकाला तिथली रचना आणि तिच्यातला बोध भावतो, दुसऱ्याला रानवट, पडझड झालेलं दृश्य अधिक ओढ लावतं. म्हणजे मालक हयात असतानाच बागेकडे दोन नजरांनी पाहिलं जात होतं. तुमच्या आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. स्टो निसर्गावर सोडून दिलेली बाग कधीच नव्हती. पण तसा दावा तिच्या आखणीत तरी कुठे आहे? आधी आखणी कशी झाली ते पाहू, मालकाचं नंतर. 1710 च्या दशकात चार्ल्स ब्रिजमन कामाला लागला तेव्हा त्याच्यापुढे कोरी जमीन नव्हती. उतार होते, जुने रस्ते होते, घर आधीच ठरल्या जागी उभं होतं. व्हर्सायसारखी डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळवायची सोय नव्हती. म्हणून त्याने बागेचा आकार तिरपा होऊ दिला, लांबच लांब वाटा वेगवेगळ्या कोनांत नेल्या आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला नजर थांबेल असं काहीतरी ठेवलं. यातल्या सुरुवातीच्या इमारती जॉन व्हॅनब्रूच्या. वर्तुळाकार खांबांवरचा त्याचा रोटुंडा 1721 च्या सुमाराला झाला आणि निरनिराळ्या बाजूंनी येणाऱ्या वाटांना तो सांधत होता. शिवाय ब्रिजमनने बागेला भिंत घातली नाही, खंदक घातला. किल्ल्याच्या बुरुजासारखे त्याचे कोन बाहेर काढले. सेनानी मालकाला हे मानवलं असेलच. मात्र त्यातून जे साधलं ते लष्करी नव्हतं. दक्षिणेकडच्या दोन बुरुजांवर पुढे मैत्रीचं आणि व्हीनसचं अशी दोन देवळं झाली. एका देवळातून दुसरं पाहिलं की नजर बागेतून जात नाही, बाहेरच्या शेतशिवारावरून जाते. कुंपणाबाहेरचा मुलूख असा बागेच्या रचनेत आला. ही कल्पना नवी होती आणि ती जमिनीवर उतरलेली दिसते.

शंकेखोर : कल्पना नवी होती हेही तपासून घ्यायला हवं. होरेस वॉलपोलने अशा खंदकाचं, म्हणजे इंग्रज ज्याला हा-हा म्हणतात त्याचं, श्रेय ब्रिजमनला दिलं आणि पुढच्यांनी ते उचललं. पण 1709 मध्ये छापलेल्या एका फ्रेंच उद्यानग्रंथात या युक्तीचं वर्णन आधीच आलेलं आहे. ज्यांचं वळण टाकलं म्हणून पाठ थोपटून घेतली, त्यांच्याच पुस्तकातलं हे. ते सोडा. तो खंदक बांधतात कसा, ते जवळून पाहा. घराच्या बाजूने हिरवळ सपाट चालत येते आणि एकदम संपते. तिथे सरळ खाली उतरणारी भिंत असते. पलीकडच्या बाजूने मात्र जमीन हळूहळू उतरत खंदकाच्या तळाशी येते. त्यामुळे घराच्या पायरीवरून पाहणाऱ्याला ना भिंत दिसते ना खंदक. हिरवळ थेट कुरणाला मिळाली आणि चरणारी गुरं आपल्याच अंगणात आहेत, असं त्याला वाटतं. कुरणातून येणाऱ्या माणसाला काय दिसतं? पुरुषभर उंचीची उभी भिंत. तिचं दर्शनी तोंड त्याच्याकडेच केलेलं आहे. अडथळा दोघांमध्ये एकच, पण ज्याने बांधला त्याला तो दिसत नाही आणि ज्याला अडवायचं त्याच्यापासून तो लपत नाही. तुम्ही म्हणता बाहेरचा मुलूख रचनेत आला. मी म्हणतो, मुलूख रचनेत आला आणि तिथली माणसं रचनेबाहेर गेली. स्टो नावाचं गाव तिथे होतं. अठराव्या शतकात ते हळूहळू उठलं, माणसं डॅडफर्डसारख्या जवळच्या वस्त्यांत गेली. मधून जाणारा जुना रस्ता बंद झाला. गावातलं चर्च तेवढं पाडता आलं नाही, तर त्याच्याभोवती झाडी वाढवून ते नजरेआड केलं. प्रासादापासून हाकेच्या अंतरावर असलेली देवाची जागा झाकायची आणि चहूकडे व्हीनस नि बॅकस यांची देवळं मांडायची! याला मोकळेपणा म्हणायचं असेल तर तो एकाच बाजूने मोकळा आहे.

रसिक : चर्च झाकलं हे खरं, पण त्याच्या पलीकडच्या ओढ्याकाठी काय झालं तेही पाहा, कारण मुद्दा तिथेच अवघड होतो. 1733 मध्ये पंतप्रधान वॉलपोलने दारू आणि तंबाखूवरच्या अबकारीचं विधेयक आणलं. कॉबम विरोधात गेला आणि त्याच्या रेजिमेंटचं प्रमुखपद काढून घेण्यात आलं. तो स्टोला परतला आणि विल्यम केंटकडून त्याने चर्चपलीकडच्या त्या अरुंद खोऱ्यात ‘एलिझियन फील्ड्स’ करून घेतलं. ग्रीक पुराणात पुण्यवान माणसं मेल्यावर जिथे जातात ती जागा. ओढ्याला नावही पाताळातल्या स्टिक्स नदीचं. एका काठाच्या उंचवट्यावर प्राचीन सद्गुणांचं गोल, नेटकं देऊळ. आत होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपामिनोंडस यांचे पुतळे. शेजारीच आधुनिक सद्गुणांचं देऊळ बांधलं, तेही पडकं. त्यात मुंडकं नसलेली एक मूर्ती, जी वॉलपोलची आहे हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नसे. पाण्याच्या दुसऱ्या काठावर अर्धवर्तुळाकार भिंत, तिच्यात कोनाडे आणि कोनाड्यांत ब्रिटनच्या सोळा थोरांचे अर्धपुतळे. एका बाजूला विचारवंत आणि कलावंत : मिल्टन, शेक्सपिअर, लॉक, न्यूटन, बेकन. दुसऱ्या बाजूला कर्तबगार : राजा आल्फ्रेड, एलिझाबेथ, ड्रेक आणि राजाने लादलेला कर नाकारणारा जॉन हॅम्पडन. सोळांतले कवी पोप आणि लंडनचा खासदार जॉन बार्नार्ड हे दोघे तेव्हा चांगले हयात होते. अबकारीच्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत बार्नार्ड पुढे होता, एवढं सांगितलं की निवड कशी झाली ते कळतं. भिंतीच्या मागे गेलं तर आणखी एक स्मृतिलेख आहे. त्यात सिन्योर फिडो नावाच्या एका सत्शील इटालियनाचं गुणवर्णन आहे. अखेरीस कळतं की हा सद्गृहस्थ एक शिकारी कुत्रा होता. थोरांची अशी यादी करणाऱ्याने स्वतःच्याच गांभीर्याची मागच्या बाजूने टोपी उडवली आहे. सत्तेबाहेर फेकलेल्या पक्षाने दगड, पाणी आणि झाडी वापरून लिहिलेला हा अग्रलेख आहे. जगात दुसऱ्या कुठल्या बागेने एवढं उघड राजकारण केलं, सांगा.

शंकेखोर : अग्रलेख म्हणता, तर त्याचे वाचक कोण? बरेच शिलालेख लॅटिनमध्ये. एपामिनोंडस कोण हे ज्याला शाळेत शिकवलेलं, त्याच्यासाठी ही थट्टा. उठून गेलेल्या गावातल्या शेतकऱ्याला डोकं नसलेल्या मूर्तीत काय दिसणार? कॉबमच्या स्वातंत्र्याचा अर्थ होता राजाच्या मंत्र्यापासून जमीनदाराचं स्वातंत्र्य. जमीनदारापासून कुळाचं स्वातंत्र्य त्यात कुठेच बसत नव्हतं. जेम्स गिब्जने 1741 मध्ये सुरू केलेलं गॉथिक देऊळ घ्या. बाकीच्या इमारती फिकट दगडाच्या, ही मात्र मुद्दाम तांबूस लोहमय दगडाची, तीन कोनी, रांगडी. पूर्वजांच्या स्वातंत्र्याला ती वाहिलेली, म्हणजे सॅक्सन काळी इंग्रज जन्मतःच मोकळे होते हा त्या पक्षाचा लाडका सिद्धांत. घुमटाच्या आतल्या छतावर मात्र काय रंगवलं? आपल्याच घराण्याची वंशचिन्हं. स्वातंत्र्याचं देऊळ उघडायचं आणि आत वंशावळ मांडायची, हा विनोद मालकाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

रसिक : वाचक किती होते यावर मात्र थोडी माहिती घालतो. बाग पाहायला येणाऱ्यांसाठी 1717 मध्येच तिथे ‘न्यू इन’ ही खानावळ-धर्मशाळा बांधली गेली होती. 1744 मध्ये बकिंगहॅमच्या बेंटन सीलीने बागेची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमधल्या एखाद्या बागेची ही पहिलीच मार्गदर्शिका मानतात. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि शिलालेखांचे अर्थही छापले गेले. मंत्र्याला शिव्या द्यायची जागा दाराला कुलूप लावून ठेवली नव्हती. गॉथिक देवळातली वंशचिन्हं मी नाकारत नाही. पण एखादा विचार पहिल्यांदा उच्चारणारा तो पुरा पाळतो, असं इतिहासात किती वेळा झालं? लॉकचा अर्धपुतळा एकदा कोनाड्यात बसवला की तो फक्त कॉबमचा राहत नाही. एप्रिल 1786 मध्ये जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन स्टोला आले. त्याच देशाच्या राजाविरुद्ध लढून दहा वर्षांपूर्वी वेगळं झालेल्या राष्ट्राचे हे दोन प्रतिनिधी. दोघांनी जे लिहून ठेवलं त्यात दबून गेल्याची खूण नाही. व्हीनस आणि बॅकस यांना देवळं कशाला, माणसाला त्या वाटेने जायला आणखी उत्तेजन लागत नाही, अशा अर्थाची टिपणी ॲडम्सने केली. जेफरसनने तर एकेक गोष्ट मोजली. प्रवेशाची सरळ रांग त्याला वाईट वाटली, कोरिंथियन कमान निरुपयोगी वाटली, उलट ती दूरचं छान दृश्य अडवते असं त्याचं मत पडलं. दोन बुरुजांमधली ती बाहेरून जाणारी नजर मात्र त्याला आवडली. बागेने कुणालाही नतमस्तक केलं नाही, तिने पाहायला आणि वाद घालायला शिकवलं, असं मी यातून घेतो.

शंकेखोर : जेफरसनच्या त्याच टिपणातली आणखी एक ओळ तुम्ही वगळलीत. बाग राखायला पंधरा पुरुष आणि अठरा मुलगे कामाला आहेत, असं त्याने नोंदवलं. पुरुषांपेक्षा मुलं जास्त. ॲडम्स आणि जेफरसन यांची मतं आपल्याला पाठ, त्या अठरा मुलांपैकी एकाचंही नाव आपण घेत नाही. जेफरसनच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते, म्हणून त्याला त्यात काही खटकलं नसेल. आता कॉबमनंतरच्या स्टोकडे या. 1749 मध्ये बाग त्याचा भाचा रिचर्ड ग्रेनव्हिल, म्हणजे अर्ल टेंपल, याच्या हातात गेली. तोवर त्यांचा गट सत्तेच्या जवळ पोचला होता. पुढे त्याचा मेहुणा विल्यम पिट सात वर्षांचं युद्ध चालवू लागला. कॉबमच्या काळात सुरू झालेलं ग्रीक देऊळ 1763 मध्ये ‘ऐक्य आणि विजय’ यांना वाहण्यात आलं आणि आतल्या भिंतींवर विजयांची गोल पदकं बसवली गेली. त्यांत क्वेबेक आहे, हवाना आहे, मनिला आहे आणि आपलं पाँडिचेरीही आहे. तीस वर्षांपूर्वी मंत्र्याच्या जुलमाविरुद्ध बोलणारी बाग आता चार खंडांतली लूट मोजू लागली. पुढे लग्नसंबंधातून घराण्याकडे जमैकातला होप नावाचा ऊसमळा आला आणि त्याबरोबर तिथले गुलाम आले. त्या मळ्याच्या जमिनीवर आज किंग्स्टनचं वनस्पती उद्यान आहे. म्हणजे स्टोशी जोडलेली आणखी एक बाग आहे, फक्त तिच्या पहिल्या मजुरांसाठी कुणी अर्धपुतळे केले नाहीत. हॅम्पडनच्या पुतळ्यापासून गुलामांच्या मालकीपर्यंतचा हा प्रवास एकाच कुंपणाच्या आत झाला. विचार मालकाच्या हातून निसटतो म्हणता, पण इथे मालकाने विचार सहज गिळला.

रसिक : मग त्याच घराण्यातला विल्यम ग्रेनव्हिल 1807 मध्ये पंतप्रधान असताना गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला, हेही त्याच हिशेबात मांडा. व्यापार बंद करणारा आणि मळा राखणारे एकाच कुटुंबातले, सख्ख्या भावांच्या शाखांतले. यावरून घराण्याचं पाप धुतलं गेलं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की घराण्याचं चारित्र्य वाचून बागेचा निकाल लागत नाही, कारण ते चारित्र्यच एकसंध नाही. आणि तुम्ही एक गोष्ट हळूच बाजूला ठेवलीत. देवळं आणि पदकं बाजूला काढली तरी स्टोमध्ये जे उरतं, त्यावर राजकीय शिक्का बसत नाही. 1741 मध्ये लॅन्सलॉट ब्राउन इथे मुख्य माळी म्हणून आला, तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आतबाहेर होतं. दहा वर्षं राहिला. त्याचं लग्नही तुम्ही म्हणता त्या झाडीतल्या चर्चमध्येच झालं. त्याच्या देखरेखीखाली ‘ग्रीक दरी’ झाली. कुदळ, फावडं आणि ढकलगाड्या यांच्या बळावर सुमारे 23,500 घनयार्ड माती हलवली गेली. इथे शिलालेख वाचावा लागत नाही. दरीचा तळ उघडा ठेवला आणि दोन्ही उतारांवर झाडी चढवली. झाडांची उंची टेकडीच्या उंचीत मिसळते आणि खणली त्यापेक्षा दरी कितीतरी खोल वाटते. जेफरसनने हे बरोबर ओळखलं होतं. केंटच्या खोऱ्यात माणूस वाचत चालतो, ब्राउनच्या दरीत नुसता चालतो. बागकलेतला खरा बदल हा आहे आणि लॅटिन न येणाऱ्यालाही तो पोचतो. पुढे याच माळ्याने देशभर बागा केल्या.

शंकेखोर : दरी पोचते हे मी मान्य करतो, म्हणूनच ती मला केंटच्या थट्टेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. मुंडकं नसलेला पुतळा निदान सांगतो की मी कुणीतरी केलेला आहे, माझा काही हेतू आहे. त्याच्याशी भांडता येतं. ब्राउनची दरी म्हणते की मी इथे होतेच. तेवीस हजार घनयार्ड माती उचलणाऱ्यांच्या पाठीचा वाक तिच्यात कुठे दिसत नाही, आणि दिसू नये हीच तर तिची करामत. रूसोने 1761 च्या कादंबरीत स्टोला नावं ठेवली ती वेगळ्या कारणाने. देशोदेशीची सुंदर स्थळं एका ठिकाणी गोळा केली आहेत, एकेक दृश्य नैसर्गिक वाटतं पण ती जमवाजमव नैसर्गिक नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मला वाटतं, त्याने चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं. जमवाजमव कळते तोवर बाग प्रामाणिक असते. ती कळेनाशी होते तेव्हा धोका सुरू होतो. अर्ल टेंपलने नेमकं हेच केलं. आठ कोनांच्या तळ्याचे कोन बुजवून काठ वळणावळणाचा केला. व्हॅनब्रूचे दोन मंडप मूळ जागेवरून हलवून लांब नेले, म्हणजे मधलं दृश्य रुंद व्हावं. रोटुंडाचा घुमट बसका केला. प्रत्येक फेरफारानंतर बाग अधिक सहज वाटू लागली आणि आधीचा हात पुसला गेला. स्टोचा विकास म्हणून आपण जे सांगतो, तो खुणा पुसण्याचा इतिहास आहे.

रसिक : पुसण्याचा म्हणा, पण खोडलेलं खाली दिसतंच. तळ्याचे कोन गेले तरी ते मुळात अष्टकोनी होतं हे आपण दोघं आज बोलतोय ते कशावरून? जुने नकाशे, सीलीच्या मार्गदर्शिका, प्रवाशांची टिपणं यांवरून. फार थोड्या बागांचं इतकं लिहिलेलं टिकलं आहे. आणि बाग पुसल्याशिवाय जगूच शकत नाही. इमारत आहे तशी राखता येते, झाड येत नाही. ते वाढतं, नजर अडवतं, मरतं. दोनशे वर्षं कुणी काहीच बदललं नाही तर ब्रिजमनचीही बाग उरत नाही, जंगल उरतं. स्टोवर हीच वेळ येऊ घातली होती. दहा लाख पौंडांच्या वर कर्ज करून बसलेल्या, घराण्यातल्या दुसऱ्या ड्यूकच्या प्रासादात 1848 मध्ये चाळीस दिवस लिलाव चालला. 1921 आणि 1922 मध्ये उरलंसुरलं आणि बागेतले पुतळेही विकले गेले. प्रासादात 1923 मध्ये शाळा सुरू झाली, म्हणून घर पडलं नाही. 1989 मध्ये बाग नॅशनल ट्रस्टकडे आली. तेव्हापासून गाळ काढणं, झाडं लावणं, देवळांची दुरुस्ती, परागंदा पुतळ्यांच्या प्रतिकृती बसवणं हे चालू आहे. तुमचा खुणांचा आग्रह मला पटतो, पण त्यातून उद्या सकाळी माळ्याने काय करायचं ते सांगा. अष्टकोन परत खणायचा? मग टेंपलचा वळणदार काठ पुसला जाईल. कॉबमचं स्टो हवं तर ब्राउनची दरी बुजवणार का?

शंकेखोर : नाही बुजवणार. आणि तुम्ही मला जिथे आणलंत ती जागा मला सोयीची नाही, हे मान्य. कुठलंही एक साल धरून बाग त्या सालात नेणं म्हणजे त्या सालच्या मालकाला पुन्हा जहागीर देणं. 1740 धरलं तर कॉबम जिंकतो, 1763 धरलं तर साम्राज्य जिंकतं. पण सगळी सालं एकत्र राखणं हीसुद्धा तटस्थता नाही. कारण राखायला जे उपलब्ध आहे ते मालकांनी बांधलेलं आहे. देवळाचा तुटलेला खांब पुन्हा उभा करायला चित्र सापडतं, उठलेल्या गावाच्या घरांचं चित्र कुणी काढून ठेवलेलं नसतं. पुराव्यावर चालणारं प्रामाणिक संवर्धनसुद्धा आपोआप प्रासादाच्या बाजूला झुकतं. म्हणून माझी मागणी बांधकामाची नाही. गाव पुन्हा वसवू नका, चर्चभोवतीची झाडीही तोडू नका. फक्त फिरणाऱ्याला कळू द्या की तो बंद झालेल्या रस्त्याशेजारून चालतो आहे, आणि सोळा थोरांसमोर उभा राहून तो जेव्हा झाडीकडे पाठ करतो तेव्हा त्याने कशाकडे पाठ केली आहे.

रसिक : एवढं मी विनातक्रार मान्य करेन. पण त्यातून तुम्हाला हवा तो निकाल निघेल याची खात्री देता येत नाही. रस्ता कुठे होता हे कळल्यावर एखाद्याला एलिझियन फील्ड्स खोटं वाटेल. दुसऱ्याला उलट वाटेल की एका साध्या रहदारीच्या खोऱ्यातून केंटने एवढं काही उभं केलं. ज्ञानाने सौंदर्य कमी होतं की वाढतं, हे आधी ठरवता येत नाही. तुम्ही लपवणं हा बागेचा दोष धरता. मला अजूनही वाटतं की लपवणं हे या कलेचं साधनच आहे, जसं जेफरसनने पाहिलेल्या दरीत उताराचा आणि झाडांच्या उंचीचा सांधा लपवला नाही तर खोलीच दिसत नाही. सांधा लपवणं आणि माणूस लपवणं यांत मी फरक करतो.

शंकेखोर : मीही करतो, पण स्टोच्या जमिनीवर ती रेघ कुठे मारायची ते मला सापडत नाही. त्या खंदकात दोन्ही एकाच कुदळीने झालं. तोच खंदक हिरवळ आणि कुरण यांचा सांधा लपवतो आणि त्याच घावात कुरणातल्या माणसाला अडवतो. सौंदर्य वेगळं काढून ठेवू म्हटलं तर भिंत बरोबर येते, भिंत पाडू म्हटलं तर सौंदर्य जातं. यावर तुमचं आणि माझं एकमत होणार नाही, व्हावं असंही नाही. मात्र एक नियम दोघांनाही पाळता येईल. स्टोला जाणाऱ्याने प्रासादाच्या पायरीवरून बाग पाहून झाली की खंदकापलीकडच्या कुरणात उतरावं आणि मागे वळून प्रासादाकडे पाहावं. दोन्हीकडून न पाहिलेल्याचं मत, ते कौतुकाचं असो की टीकेचं, अर्धवट समजावं.